एका लाइनीत किती लाइनी!

इंदूर शहराच्या पश्चिम भागातील अन्नपूर्णा ही वस्ती तेथील मंदिरामुळे ओळखली जाते. हत्तींच्या शिल्पांचे भव्य प्रवेशद्वार आणि दाक्षिणात्य धाटणीचे शिखर असलेले हे देवस्थान आता त्या भागाचे, रस्त्याचे आणि पोलीस ठाण्याचेही नाव होऊन बसले आहे. नवरात्रात येथे दर्शनाला मोठी लाइन लागते. आसपासच्या घरांत नर्मदेच्या लाइनचे पाणी येते. जवळच लोकमान्य नगरचे छोटेसे रेल्वे स्थानक आहे. तेथून एक लाइन महूकडे जाते. वीज गेली की लाइनमनची वाट पाहिली जाते. ठाण्यातील एखाद्या अधिकाऱ्यावर ठपका आला तर तो ‘लाइन अटॅच’ झाल्याची बातमी छापून येते. आणि एखाद्या घरी मुलीसाठी स्थळाची चौकशी चालू असेल तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे?

एवढ्या लहान परिसरात एक इंग्रजी शब्द सहा कामे करताना दिसतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ सहसा होत नाही. इंग्रजी कोशकारांना विचारले तर सर्वाधिक अर्थ असलेल्या शब्दांचा मान ते ‘सेट’ किंवा ‘रन’ यांना देतील. पण मराठी बोलणाऱ्यांच्या जगात ‘लाइन’ने जेवढे उंबरठे ओलांडले आहेत, तेवढे त्या दोघांनाही जमलेले नाही. होळकरांच्या काळापासून माळव्यात वसलेली मराठी घरे रोज हिंदी आणि मराठी यांच्या सीमेवर राहतात, तशीच गोव्यातील घरे मराठी, कोकणी आणि इंग्रजी यांच्या तिठ्यावर उभी असतात. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना चालणारे नाणे म्हणून परका शब्द पटकन रुळतो. तो रुळला याचे दुःख करण्यात अर्थ नाही. मात्र तो कोणकोणत्या वाटेने आला आणि आपल्या कोणत्या शब्दांच्या जागी बसला, हे पाहण्यासारखे आहे. कारण काही ठिकाणी ही अदलाबदल केवळ बोलण्यापुरती राहत नाही. तिच्यावर घर, जमीन आणि पाणी अवलंबून असते.

‘लाइन’चे मूळ आहे जवसात. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला ‘लिनुम’ म्हणत. त्याच्या खोडातून निघणाऱ्या चिवट तंतूंची दोरी ती ‘लिनेआ’. ही दोरी ताणून धरली की सरळ रेघ मिळते. म्हणून पुढे दोरीचे नाव रेघेला मिळाले आणि फ्रेंचमधून आलेला तोच अर्थ इंग्रजीच्या ‘लाइन’मध्ये स्थिरावला. त्याच जवसाच्या कापडाला ‘लिनन’ म्हणतात. कपड्याला आतून लिनन लावण्याच्या पद्धतीतून ‘लायनिंग’ हा शब्द आला, ज्याला आपले शिंपी अस्तर म्हणतात आणि आता लायनिंगही म्हणतात. जवसाच्या तेलापासून फरशीवर अंथरण्याचे ‘लिनोलियम’ तयार झाले. पोर्तुगीज भाषेत तर ‘लिन्या’ हा एकच शब्द आजही शिवणाचा धागा आणि कागदावरची रेघ या दोन्हींसाठी चालतो. माळव्याच्या शेतांत पिकणारे आणि मराठी घरांत चटणीच्या रूपाने ताटात येणारे जवस या सगळ्या गोतावळ्याचे मूळ पुरुष आहे, हे चटणी खाताना कोणाच्या मनात येत नाही.

धाग्यातून रेघ आणि रेघेतून अक्षरांची ओळ, हा प्रवास एकट्या युरोपाने केला असेही नाही. संस्कृतातील ‘सूत्र’ म्हणजे आधी धागा आणि मग नेमक्या शब्दांत बांधलेला नियम. लाकडावर सूत धरून काम करणारा तो सुतार. त्याच्या हातातील मोजमापातही इंचाचा आठवा भाग म्हणजे एक ‘सूत’ आहे. दारात ‘एका सुताचा फरक’ राहिला की ते नीट बसत नाही. बांधकामावरचा गवंडी भिंत सरळ यावी म्हणून जी दोरी ताणतो, तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. या जोडशब्दाची गंमत अशी की त्याचे दोन्ही भाग एकाच अर्थाचे आहेत. ‘लाइन’ म्हणजे मुळात दोरीच. गवंड्याने न कळत लॅटिन दोरीला मराठी दोरीची गाठ मारली. पावरोटी या शब्दाचेही असेच झाले आहे. पोर्तुगीज पाव आणि आपली रोटी दोन्ही तिथे शेजारी नांदतात.

तरुणाईच्या बोलीतही हाच धागा सापडतो. कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी कोणावर ‘लाइन मारतो’, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्यांच्याच तरुणपणी दोघांचे ‘सूत जुळत’ असे. धागा तोच, फक्त गिरणी बदलली.

मराठीत ‘लाइन’ सर्वांत ठसठशीतपणे आली ती मात्र लष्कराच्या छावण्यांतून. शिपायांच्या झोपड्या किंवा खोल्या एका ओळीत बांधल्या जात, म्हणून त्या वस्तीला इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणत. मुंबईच्या मरीन लाइन्स या स्थानकाच्या नावात समुद्राकाठचा देखावा नाही. तेथे असलेल्या मरीन बटालियनच्या अशाच वस्तीची आठवण आहे. धारवाडचा लाइन बाजार पेढ्यामुळे गोव्यात घरोघरी माहीत आहे. इंदूरपासून जवळच असलेली महूची छावणीही याच परंपरेतली. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर इंग्रजांनी महू येथे लष्करी ठाणे वसवले. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळ नोकरीनिमित्त याच छावणीत होते आणि 14 एप्रिल 1891 रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. कोकणातील कितीतरी घराण्यांचा ‘लाइन’ या शब्दाशी पहिला परिचय शाळेतल्या इंग्रजीतून झाला नसून पलटणीतील खोलीच्या पत्त्यातून झाला असणार.

पोलिसांनी ही भाषा पुढे चालवली. इंदुरात डीआरपी लाइन आहे, तशी जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पोलीस लाइन असते. मध्य प्रदेशातील ‘लाइन अटॅच’चा उगम इथे आहे. ठाण्याचा कारभार काढून घेऊन अधिकाऱ्याला राखीव पोलिसांच्या लाइनमध्ये हजर व्हायला सांगतात. पगार चालू राहतो, अधिकार जातात. उत्तरेकडे याच कारवाईला ‘लाइन हाजिर’ असेही म्हणतात. गोव्यातील वाचकाला हा वाक्प्रयोग अनोळखी वाटेल, कारण आपल्याकडे अशा अधिकाऱ्याची रवानगी गोवा राखीव पोलीस दलात होते. वृत्तसंस्थेकडून आलेल्या हिंदी बातमीचा घाईघाईत अनुवाद करताना ‘अधिकाऱ्याला रांगेत उभे केले’ असे लिहिले गेले, तर चूक शब्दाची दिसेल, पण बातमीचा आशयच बदललेला असेल.

रेल्वेची लाइन इंदुरात आली ती होळकर दरबाराच्या पैशाने. खांडव्याहून इंदूरपर्यंत मार्ग बांधण्यासाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले होते. गोव्यात मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकला पोहोचणारी लाइन त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाली. आगगाडीच्या बाबतीत मराठीने ‘लोहमार्ग’ हा भारदस्त शब्द दिला, तो कागदोपत्री टिकला. बोलण्यात मात्र लाइनच राहिली. मुंबईकराला वेस्टर्न, सेंट्रल आणि हार्बर ही लाइनींची नावे पत्त्याचा भागच वाटतात. त्याचेच पुढचे पाऊल म्हणजे मेट्रोच्या रंगीत लाइनी. गोव्याच्या तारवट्यांना आणखी एक लाइन माहीत होती. ठरावीक बंदरांदरम्यान नियमित फेऱ्या करणाऱ्या जहाज कंपनीला ‘लाइन’ म्हणत आणि तिच्या जहाजाला ‘लायनर’. अँकर लाइन आणि क्लॅन लाइन ही नावे गोव्यातील कितीतरी कुटुंबांत नोकरीचे दुसरे नाव म्हणून घेतली गेली.

‘मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे’ या प्रश्नातली लाइनही अशीच, ठरलेल्या मार्गावरून जाण्याची. औषधांची लाइन, कापडाची लाइन, सिनेमाची लाइन. मराठीत यासाठी पेशा, धंदा, व्यवसाय, क्षेत्र असे शब्द आहेत. परंतु प्रत्येकाला स्वतःचा वास आहे. ‘धंदा’ काहींना हलका वाटतो, ‘पेशा’ जुना, ‘क्षेत्र’ भाषणातले. लाइन या सर्वांहून तटस्थ ठरते, म्हणून ती स्थळाच्या चौकशीत सोयीची. त्यातूनच ‘लाइनवर आणणे’ आणि ‘लाइनला लावणे’ हे प्रयोग निघाले. बिघडलेल्या मुलाला लाइनवर आणतात, आणि नोकरी लावून देतात तेव्हा त्याला लाइनला लावतात. दोन्हींतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. इंग्रज माणसाला मात्र तो शब्दकोशात सापडणार नाही, कारण ही वळणे पूर्णपणे आपली आहेत.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतही या शब्दाची मोठी वर्दळ आहे. हेडलाइनला मथळा, बातमीवर वार्ताहराचे नाव ती बायलाइन, गावाचे नाव ती डेटलाइन. यांतील ‘डेडलाइन’चा जन्म सर्वांत भीषण. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा तळ होता. कुंपणाच्या आत काही अंतरावर एक हद्द आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालीत. त्या हद्दीचे नाव डेडलाइन. आज मजकूर वेळेत न दिल्यास फार तर बोलणी बसतात. मराठीत ‘मुदत’ हा नेमका शब्द असूनही डेडलाइन टिकून आहे, याला त्या शब्दाचा दरारा कारण असावा. क्रिकेटच्या समालोचनात गोलंदाजाची लाइन असते, टेलिफोनच्या काळात ती ‘एंगेज’ असे. आता टेलिफोनची तार गेली तरी ‘ऑनलाइन’ राहिले आहे.

मराठीने ‘लाइन’ला स्त्रीलिंग दिले, तेही विचार केल्यासारखे दिसते. ती लाइन, लांबच लांब लाइन, दोन लाइनी. परक्या शब्दाचे लिंग ठरवताना भाषा बहुधा आपल्या घरातल्या जवळच्या शब्दाकडे पाहते; आणि येथे रांग, ओळ, रेषा, रेघ, दोरी, वाहिनी, पंगत असा सगळा स्त्रियांचाच मेळा होता. लेखनाबाबत मात्र अजून एकमत नाही. ‘गरीब’, ‘वकील’ यांसारख्या शब्दांप्रमाणे शेवटून दुसरे अक्षर दीर्घ ठेवून काहीजण ‘लाईन’ लिहितात, तर मूळ उच्चाराशी जवळीक ठेवणारे ‘लाइन’ लिहितात. या लेखात दुसरा पर्याय घेतला आहे. पहिला लिहिणाऱ्याशी भांडण्याचे कारण नाही.

त्या स्त्रीलिंगी मेळ्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण ‘लाइन’ आल्यामुळे सर्वांत जास्त अडगळीत गेल्या त्या याच. ओळ हा शब्द संस्कृत ‘आवली’पासून आला, दिव्यांची आवली ती दीपावली, म्हणजे ‘दिवाळी’ या शब्दाच्या पोटातच एक ओळ दडलेली आहे. ओळ मांडलेल्या गोष्टींची असते : अक्षरांची, घरांची, माडांची. रांग आपल्या वेळेची वाट पाहणाऱ्यांची, पण डोंगरांचीही. रेष किंवा रेघ ओढायची असते. आणि पंगत? ‘पंक्ती’पासून आलेल्या या शब्दात ओळीने बसणे आणि एकत्र जेवणे हे दोन्ही एकवटले आहे. पंगतीत कोणी कोणाच्या शेजारी बसावे यावरून या देशात केवढे रण माजले! इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्दच नाही. अन्न देणाऱ्या देवीच्या दारात दर्शनासाठी उभी राहते ती रांग आणि प्रसादाला बसते ती पंगत. दोन्हींना लाइन म्हटले की उभे राहणे आणि बसणे यांतला फरक पुसला जातो. एवढ्याने काही अडत नाही, हे खरे.

अडते ते पुढे. इंदूरला पिण्याचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून, नर्मदाकाठच्या जलूदहून येते. डोंगर चढवून आणलेल्या या पाण्याच्या नळांना शहर ‘नर्मदा लाइन’ म्हणते. सांडपाण्याची ती ‘ड्रेनेज लाइन’. दोन्ही जमिनीखाली, अनेक गल्ल्यांत एकमेकींच्या शेजारून जातात. ‘लाइन फुटली’ एवढाच निरोप पालिकेकडे गेला, तर दुरुस्तीला पाणीपुरवठ्याचा माणूस यायचा की मलनिस्सारणाचा, हे ठरत नाही. आणि दोन्ही एकाच ठिकाणी फुटल्या असतील तर उशिराची किंमत आजारपणात मोजावी लागते. मराठीत ‘जलवाहिनी’ आणि ‘मलवाहिनी’ हे शब्द केवळ शासकीय सोस म्हणून घडलेले नाहीत. ते लांब आहेत, बोलायला जड आहेत, पण एकमेकींत मिसळत नाहीत.

गोव्यात हा प्रश्न किनाऱ्यावर उभा आहे. सागरकिनारा नियमन क्षेत्राचे सगळे नियम ‘हाय टाइड लाइन’पासून मोजले जातात. फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने या रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. जानेवारी 2011 च्या अधिसूचनेनेही ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या 200 मीटरचा पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ म्हणून राखला; तेथे नवे बांधकाम सहजासहजी होत नाही. भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या नद्या आणि खाड्यांच्या काठांना वेगळे अंतर लागू होते, म्हणून समुद्र न दिसणाऱ्या गावांतही हा नियम पोहोचतो. बोलण्यात या हद्दीला सरसकट ‘भरतीची लाइन’ म्हटले जाते. त्यावरून अनेकांची अशी समजूत होते की रोजच्या भरतीला वाळू जिथवर भिजते तीच ही लाइन. अधिसूचनेतील व्याख्या वेगळी आहे : अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जमिनीवर सर्वांत आत जिथवर पोहोचते, ती रेषा. उधाणाची रेषा आणि रोजच्या भरतीची खूण यांत सपाट किनाऱ्यावर बरेच अंतर पडू शकते. तेवढ्या अंतरात एखाद्या मच्छीमाराचे घर असू शकते. किनारी आराखड्यासाठी 2021 मध्ये गोव्यात जनसुनावणी एकदा नव्हे, दोनदा घ्यावी लागली. नकाशावर ही रेषा कोठे पडते, हा त्यातला कळीचा विषय होता. अशा सुनावणीच्या नोटिशीत ‘उधाणरेषा’ असा शब्द वापरला, तर कोळ्यांच्या वाड्यावर तो अधिकाऱ्यांपेक्षा आधी समजेल. उधाण म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

मोलेच्या अरण्यात तर लाइन या शब्दाची दोन रूपे एकमेकांसमोर आली. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे दुपदरीकरण, राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण आणि तमनार प्रकल्पाची 400 केव्ही वीजवाहिनी, या तिन्ही कामांना कागदपत्रांत ‘लिनियर प्रोजेक्ट’ म्हटले गेले, म्हणजे रेषीय प्रकल्प. भूमितीच्या पुस्तकातील रेषेला लांबी असते, रुंदी नसते. नकाशावर बारीक पेनाने ओढलेली लाइन पाहणाऱ्याच्या मनातही तेच उमटते. अरण्यातून एक दोरी तर जायची आहे, असे वाटते. जमिनीवर मात्र 400 केव्हीच्या तारांखाली चाळीस मीटरहून रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो, आणि तो वाहिनीच्या सगळ्या लांबीभर. दुपदरीकरणातही एका रुळाशेजारी दुसरा रूळ टाकण्यापुरते काम राहत नाही. घाटात कडे कापावे लागतात, पूल आणि बोगदे वाढतात. 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. ज्या बातम्यांत ‘रेल्वे लाइनला मंजुरी नाकारली’ असे आले, त्या वाचून मुरगावची जुनी लाइनच बंद होणार की काय, अशी शंका कोणाला आली असती तर ती अगदीच वावगी नव्हती. जुना मार्ग चालूच होता आणि आहे; अडली होती ती त्याच्या शेजारची दुसरी.